साहेबांचं पोट

सहा दिवसांचा तर प्रश्न होता. चौथ्या मजल्यावरची दीक्षा मेश्राम कंपनीच्या ट्रेनिंगसाठी हैदराबादला निघाली होती आणि तिचा निळा फायटर मासा काचेच्या टाकीसकट दत्तप्रसाद बिडव्यांच्या जेवणाच्या टेबलावर येऊन बसला होता.

"सकाळी दोन दाणे, संध्याकाळी दोन. बस्स," दीक्षा म्हणाली. "जास्त अजिबात नाही हं काका. साहेब खादाड आहे."

"साहेब?"

"नाव आहे त्याचं. ऐटीत फिरतो ना, म्हणून."

"अगं, मी पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षं काढली. अख्खं धरण सांभाळलंय. ही पाच लिटरची टाकी काय घेऊन बसलीस!"

दीक्षाचे आईवडील भंडाऱ्याला, इथे विश्रांतवाडीत ती एकटी. गेल्या वर्षी बिडव्यांच्या पत्नीचा, हिराताईंचा पाय मोडला तेव्हा ऑफिस सांभाळून हीच पोरगी त्यांना दवाखान्यात न्यायची. तिने पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं. नाहीतर पाळीव प्राणी म्हटलं की बिडव्यांच्या कपाळाला आठी पडायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी मासा टाकीच्या तळाशी कलंडलेला दिसला. पोट टम्म फुगलेलं.

"अगं, हा आडवा का झालाय?"

"झोपला असेल," हिराताई पोळी उलटत म्हणाल्या.

"डोळे उघडे आहेत त्याचे!"

"माशांना पापण्या नसतात. शाळेत होतं आपल्याला."

बिडव्यांनी मोबाइलवर फोटो काढला आणि स्कूटर काढून चौकातलं माशांचं दुकान गाठलं. दुकानाचे मालक आमोद यांनी फोटोकडे अर्धा सेकंद पाहिलं.

"पोट तुंबलंय. किती खायला घालता?"

"दोन दाणे. सकाळ-संध्याकाळ. मोजून."

"बरं. म्हणजे मासा खोटं बोलतोय."

"अहो, पण उपाय काय?"

"तीन दिवस कडकडीत उपास. थोडं पाणी बदला, पण शिळं घाला, कालपासून भरून ठेवलेलं. थंडी आहे, तेव्हा टाकी उबेत ठेवा. चौथ्या दिवशी मटाराचा दाणा उकडून, साल काढून, कणभर द्या. पोट साफ झालं तर सरळ होईल."

"आणि नाही झालं तर?"

आमोद दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

घरी येऊन बिडव्यांनी चौकशी समिती बसवली. हिराताईंनी लगेच कबूल केलं. "दुपारी घालायचे मी थोडं. आपण जेवतोय आणि तो बघत बसलाय, बरं दिसतं का ते?"

कामाला येणाऱ्या इंदुबाई म्हणाल्या, "म्या बी टाकत हुते चिमूटभर. काचंला त्वांड लावून बसायचा वो, जीव तुटायचा माजा."

आता बिडवे स्वतःही रोज पेपर वाचता वाचता चार-सहा दाणे सोडत असत. पण ते समितीचे अध्यक्ष असल्यामुळे तपास तिथेच थांबला.

"आजपासून साहेबांना तीन दिवस काहीही द्यायचं नाही," त्यांनी फर्मान काढलं. "पोट साफ होईपर्यंत."

इंदुबाई तिथून समोरच्या राजनंदिनी क्षीरसागरांकडे भांड्याला गेल्या.

"आज फार उशीर केलात?" राजनंदिनींनी विचारलं.

"बिडव्यांकडं ग्वांधळ हाय. सायबांचं प्वाट फुगलंय. आडवं पडल्यात निस्तं. तीन दिस उपास."

राजनंदिनी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या अ‍ॅडमिन होत्या. दहा मिनिटांत मेसेज आला : 'बिडवेकाकांना पोटाचा त्रास आहे. कृपया त्यांना लिफ्टसाठी ताटकळत ठेवू नये.'

मग रांग लागली. त्रिफळा घ्या. एरंडेल घ्या. गरम पाण्यात तूप घ्या. सेक्रेटरींनी लिहिलं : 'सोसायटीची टाकी शनिवारीच धुतलेली आहे. पाण्याशी संबंध जोडू नये.'

बिडवे लालबुंद झाले. 'पोट माझं नसून' एवढं त्यांनी टाइप केलं आणि हिराताईंनी त्यांचा हात धरला.

"अहो, दीक्षा आहे ग्रुपवर!"

बिडव्यांनी एकेक अक्षर पुसलं. पोरगी ट्रेनिंग टाकून धावत आली असती. शेवटी त्यांनी नुसतं 'धन्यवाद' लिहिलं, आणि त्या एका शब्दाने दुखणं अधिकृत झालं.

पुढचे दोन दिवस त्यांना जिन्यात उभं राहायची सोय उरली नाही. "चाला काका, चालल्याने हलतं." "वज्रासनात बसता का?" वैतागून ते चौकात मिसळ खायला गेले. प्लेट समोर येते न येते तोच तळमजल्यावरचे तात्याराव हजर.

"बिडवे! अहो, जिवाशी खेळ आहे हा!" म्हणत त्यांनी प्लेट स्वतःकडे ओढली. टाकायची कशाला म्हणून ती संपवलीही.

घरात टाकीभोवती शाल गुंडाळली होती. मासा कल्ले हलवत तसाच पडून होता. बिडवे दर तासाला भिंग घेऊन बसत. एके काळी धरणाचे दरवाजे उघडणारे बिडवे आता चमच्याचमच्याने पाणी बदलत होते. "तिला काय सांगायचं गं?" त्यांनी विचारलं. हिराताईंनी शाल आणखी घट्ट गुंडाळली.

सहाव्या दिवशी सकाळी मटार उकडला. बिडव्यांनी सुईच्या टोकाने त्याचा कण काढला आणि पाण्यात सोडला. माशाने तो तोंडात घेतला, थुंकला, पुन्हा घेतला, आणि गिळला. अकरा वाजता बिडवे खुर्चीवरून उडाले.

"हिरा! झालं! अगं, झालं!"

आवाज खिडकीतून बाहेर गेला. समोरच्या गॅलरीतून राजनंदिनी ओरडल्या, "अभिनंदन काका!" वर कुठेतरी दोन-चार टाळ्याही पडल्या. बिडव्यांना कशाचीच पर्वा नव्हती. मासा हळूहळू सरळ होत होता, आणि ते धोतराच्या टोकाने डोळे टिपत होते.

संध्याकाळी दीक्षा बॅग घेऊन थेट त्यांच्याकडेच आली. टाकीकडे तिने पाहिलंही नाही.

"काका, कसं वाटतंय आता? ट्रेनिंगमध्ये माझं लक्षच नव्हतं."

"बरं आहे, म्हणजे, तसं..."

मग तिला मासा दिसला. शेपटी फुलवून तो टाकीत मिरवत होता. "अरे वा, हा तर एकदम फिट! काका, स्वतः एवढे आजारी असून तुम्ही याला जपलंत?"

बिडव्यांनी हिराताईंकडे पाहिलं. हिराताईंनी मान डोलावली, सांगून टाका म्हणून.

"दीक्षा, खरं सांगायचं तर..."

"थांबा, आधी हे." तिने बॅगेतून तपकिरी बाटली काढली. "तिथल्या एका वैद्यांचा काढा आहे. दोन तास लाइनमध्ये उभी होते मी."

बिडव्यांनी बाटलीकडे पाहिलं, मग तिच्या दमलेल्या चेहऱ्याकडे. ओठांवर आलेलं त्यांनी गिळलं.

"कसा घ्यायचा?"

"चार चमचे. आत्ता, माझ्यासमोर."

त्यांनी घेतला. दीक्षाने समाधानाने टाकी उचलली. दाराशी पोचल्यावर तिला आठवलं.

"उद्या कुठे बाहेर जाऊ नका हं काका. वैद्य म्हणाले, पोट गच्च तुंबलेलं असेल तर चार. साध्या माणसाला अर्धा चमचासुद्धा फार होतो."

दार लागलं. बिडव्यांनी काढ्याच्या बाटलीचं झाकण घट्ट लावलं. मग अतिशय शांत आवाजात त्यांनी विचारलं,

"हिरा, नळाला पाणी आहे ना गं?"