पाठ फिरवल्यावाचून न येणाऱ्या भुताची हकीकत

समस्त खेळाडू, खेळकर्ते आणि न खेळता मत देणारे थोर लोक यांस विदित व्हावे ऐसीजे. तिसऱ्या मजल्यावरील पुढल्या खोलीत, दोन टेबले आणि एक पंखा इतक्याच मुलखावर, शोकपक्ष आणि भयपक्ष यांमध्ये अकरा दिवस घनघोर रण माजले. त्यास पुढे कोणी तिखटमीठ लावील, सबब खरी हकीकत वेळीच लिहून ठेविली असे.

शोकपक्षाच्या धनी ताईसाहेब, कथेच्या मुखत्यार. भयपक्षाचे सरलष्कर त्यांचे सख्खे धाकटे बंधू, वय बत्तीस, तरी अद्याप छोटूराव. कोडिंग आणि चित्रे ही दोन्ही ठाणी त्यांजकडे. उभयतांनी नोकऱ्या सांभाळून दोन वर्षे एक कॉम्प्युटर गेम रचिला, तो ऐसा की, एक मुलगी आई गेल्यावर घरी परतते, एकेक खोली उघडते आणि अखेर आईच्या खाटेपाशी येऊन बसते. बस, इतकेच. ती खोली ताईसाहेबांनी स्वतःच्या आईचीच हुबेहूब उठविली होती, औषधांचा डबा, चष्मा, सुयांसकट अर्धा विणलेला स्वेटर. कां की आईसाहेब गेल्या तेव्हा ताईसाहेब दूरच्या शहरी मीटिंगमध्ये होत्या, आणि त्या खोलीत पोचण्याचा दुसरा मार्ग त्यांस उरला नव्हता.

तों छोटूरावांनी मसलत काढिली की, नुसत्या रडण्याने माणूस खुर्चीत टिकत नाही, लोक जांभया देतील, येथे भूत पाहिजे. आणि बोलून न राहता, कामावरून परतल्यावर रोज खपून, खासे भूत सिद्ध केले. जबडा हातभर, किंचाळी कानठळ्या बसविणारी, आणि अंगात तोच अर्धा स्वेटर. ते पाहतांच ताईसाहेबांच्या तळपायाची आग मस्तकास गेली. मग अबोला पडिला, आणि मग एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, अंतर चार हात, ईमेलीने खलिते जाऊं लागले. अखेर ताईसाहेबांनी निर्वाणीचा खलिता धाडिला की, माझ्या आईस मी किंचाळू देणार नाही, भूत राहिले तर कथेवरून माझे नाव काढावे.

गेम प्रदर्शनाच्या निवडीकरितां अकराव्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत रवाना होणे जरूर होते. आणि त्या दौलतीचा कदीम शिरस्ता ऐसा की, ज्याने गेम पाहिला नाही अशा एका असामीने खेळून दाखविल्याशिवाय तो घराबाहेर जाऊ नये, आणि खेळणाऱ्यास कर्त्यांनी चकार शब्द सांगू नये. सबब करार ठरला की, खेळणारा दचकला तर भूत राहील, न दचकला तर जाईल. परंतु ओळखीपाळखीची सारी फौज मागेच खेळून चुकलेली. मग निरुपायाने आतल्या खोलीतून वडील बाबासाहेबांस पाचारण जाहले, जे आजवर, तुमच्या त्या खेळात मला ओढू नका, म्हणोन अलिप्त राहिले होते.

बाबासाहेबांनी माऊस दोन्ही हातांनी धरिला, आणि तीन वेळा भिंतीवर आदळून, एकदा न्हाणीघरात अडकून, मजल दरमजल करीत अखेरच्या खोलीत दाखल जाहले. खोली पाहिली. खाटेपाशी गेले आणि बसले.

येथे भयपक्षाची चूक उघडी पडिली. छोटूरावांनी भुतास हुकूम लिहून दिला होता की, खेळणारा पाठ फिरवून दाराकडे पळू लागला म्हणजेच मागून उठावे. कां की ऐशा खोलीत कोणी थांबेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हते. बाबासाहेब थांबले. पाच मिनिटे गेली, दहा गेली, भूत आपले दबा धरून बसलेले, आणि छोटूरावांचा जीव टांगणीस लागलेला. अखेर त्यांनी शिरस्ता मोडिला.

"बाबा, मागं वळा ना. दाराकडे जा."

"कशाला?"

"म्हणजे भूत येईल."

बाबासाहेबांनी पडद्यावरची नजर काढिली नाही. "तिचं ना? मग इथंच येऊ दे की. कशीही दिसली तरी चालेल."

करारान्वये ताईसाहेबांस फत्ते मिळाली होती. त्यांनी मिशीस पीळ देण्याच्या थाटात बंधूंकडे पाहिले, तों भयपक्षाचे सरलष्कर खाली मान घालून कीबोर्डाशी बोलत होते.

"मी उठलो होतो, ताई. तिचा श्वास बघवेना, म्हणून पाणी आणतो म्हणालो. पाठ फिरवली, आणि तेवढ्यात गेली."

दोन वर्षे ही खबर कोणत्याही खलित्यात आली नव्हती. वेळेवर न पोचलेल्या आपण एकट्याच, ऐसे ताईसाहेबांस वाटत होते, आणि त्या दुःखाची मिरासदारी त्यांनी कोणास वाटून दिली नव्हती. त्यांस फार वाईट वाटले. त्या चार हात चालून पलीकडल्या टेबलाशी गेल्या.

"आई रागावली नसती रे तुझ्यावर," त्या म्हणाल्या.

मग त्याच टेबलावरून ताईसाहेबांचा हुकूम सुटला की, भूत कायम करावे. जबडा मिटवावा, किंचाळी बरखास्त करावी. आणि जो पाठ फिरवील त्याच्याही मागे तिने यावे, नुसते यावे, आणि दारापर्यंत सोबत करावी. छोटूरावांनी डोळे पुसत, नाक ओढीत, हुकुमाची तामिली केली, आणि सहास आठ मिनिटे असतां गेम रवाना जाहला.

येणेप्रमाणे मोहीम सिद्धीस गेली. कामास आली, किंचाळी एक. जखमी, असामी तीन. फत्ते कोणत्या पक्षाच्या नावे लिहावी म्हणोन उभयतांस विचारिले, तर ताईसाहेब छोटूरावांकडे बोट दाखविती आणि छोटूराव ताईसाहेबांकडे. सबब ती बाबासाहेबांच्या नावे लिहिली असे. हे लिहितेवेळी ते अद्याप त्या खोलीत बसून आहेत.