मॅपलचं टेबल

लाकूड बोटाने नुसतं टकटक करून मी त्याची जात सांगतो. खोटं वाटत असेल तर आमच्या पंचायत समितीत कुणालाही विचारा!

भूकंपाला सव्वा वर्ष झालं, तरी आमची लता स्लॅबखाली कुणाला टेकू देत नव्हती. माहेरची भिंत तिने डोळ्यांदेखत पडताना पाहिलेली, तिला काय बोलणार? आम्ही अंगणात पत्र्याखाली राहत होतो. पण मनस्विनीची बारावी दोन महिन्यांवर आली. सगळं लातूर क्लासला पळत होतं, आणि आमची पोर शेजारच्या गिरणीच्या घरघरीत फिजिक्स वाचणार?

मी ठरवलं, असं टेबल करायचं की धरणी हलली तर पोरीने खाली शिरावं आणि स्लॅब पडला तरी ते मोडू नये. नांदेडला एका बंद बॅडमिंटन हॉलची लाकडी जमीन उकलून विकत होते. बोटाने टकटक करून तिथल्या फळ्या उचलल्या.

आमच्या सुताराने, सरदार मिस्त्रींनी, घरात रंधा मारला आणि घाम पुसला. "साहेब, हे मॅपल हाय, विलायती लाकूड. हैदराबादेत केलंय म्या याचं काम. लई कठीण, रंध्याची धार खातंय. भोक पाडल्याबिगर खिळा जात न्हाई."

"रंग मात्र सागवानी द्या." पांढरंफटक टेबल बघून लोक खोक्याच्या फळ्या म्हणाले असते.

"तेवढं नका करू. रंग एकसारखा पीत न्हाई हे, डाग पडतेत. बिनरंगी पॉलिश मारू."

मिस्त्री जुम्म्याच्या नमाजाला गेले आणि मी ब्रश उचलला. ते परत येईपर्यंत टेबलाला गजकर्ण झालं होतं.

लताने उंबऱ्यातूनच पाहिलं. "कुजकं लाकूड आणलंत. ह्याच्याखाली माझी लेक? न्हाई."

मनस्विनी आणलेली पुस्तकं परत पत्र्याखाली नेऊ लागली. तिचं तोंड बघून मला भडभडून आलं.

"थांब, दाखवतोच!" मी चपला काढून टेबलावर चढलो. शेजारच्या चंद्रप्पाला हाक मारली, तो एकटाच शंभर किलोचा. मिस्त्रींनाही वर ओढलं. "लता, आत ये. जवळून बघ, कुरकुरतं का ते."

ती लेकीचा हात घट्ट धरून भीतभीत आत आली. आम्ही तिघांनी एकदम टेबलावरच उडी मारली.

कडाड!

टेबलाला ओरखडाही नव्हता. त्याच्या पायाखालची शहाबादी फरशी फुटली होती. पण हे नंतर कळलं. चंद्रप्पा "भूकंप!" म्हणून ओरडला आणि मी भानावर आलो तो थेट फाटकापाशी. मागोमाग चंद्रप्पा आणि मिस्त्री. लता कुठाय? मनस्विनी? तसाच उलटा आत धावलो.

दोघी टेबलाखाली होत्या. लताने लेकीला पोटाशी धरलं होतं. वरच्या फळीवर तिने हात फिरवला.

"पक्कं हाय गं हे. उद्यापासून आतच बस अभ्यासाला."

माझी छाती फुगली. "सांगितलं नव्हतं मी?"

लताची नजर माझ्या पायांकडे गेली.

"आम्हा मायलेकींना सोडून पळालात ते पळालात," ती म्हणाली, "वर चपला बी घालून पळालात?"