विनाकारण दिलेली खुर्ची

रुग्णालयाच्या देणगी कक्षाची वेळ अकरा ते एक अशी होती आणि दात्यांना दानाची इच्छा त्याच वेळेत व्हावी, अशी अपेक्षा होती. कक्षाच्या कारकुनाने सतरा वर्षांत एकाही दात्याला परत पाठवले नव्हते. त्यामुळे एक निवृत्त बसचालक नवीकोरी चाकांची खुर्ची ढकलत आत आला, तेव्हा कारकुनाने प्रसन्न चेहऱ्याने अर्ज पुढे सरकवला.

चालकाने अर्ज झरझर भरला. 'दानाचा हेतू' या रकान्यात मात्र त्याने आडवी रेघ मारली.

"काका, रेघ चालत नाही. सहा पर्याय आहेत, एकावर खूण करा. स्मृती, करसवलत, प्रसिद्धी, पश्चात्ताप, शेजाऱ्याने दिले म्हणून, आणि घरातली अडगळ."

"यातलं काहीच नाही हो. बाहेर बाकावर त्या प्लास्टरवाल्या आजी आहेत ना, काल त्यांचा मुलगा त्यांना पाठीवर घेऊन दोन मजले चढत होता. तुमच्या खुर्च्यांवर फायली ठेवल्यात म्हणे. म्हटलं, एक देऊन टाकावी."

"आजी तुमच्या कोण?"

"कोणी नाही."

कारकुनाने पेन खाली ठेवले. "घरात कोणी वारलंय का अलीकडे?" त्याने आशेने विचारले.

"सगळे ठणठणीत आहेत."

"निवडणुकीला उभे राहताय?"

"छे!"

"निदान फोटो काढू?"

"नको, दाढी वाढलीय."

कारकून हादरला. कक्षात आलेला प्रत्येक दाता त्याला आरपार कळला होता. सराफाने पंखे दिले होते आणि पात्यांवरचे नाव वाचता यावे म्हणून तो ते बंद करायला लावत असे. एका बाईंनी ब्लँकेटे दिली होती, कारण जावेने चादरी दिल्या होत्या. बिल्डरने बांधलेली गॅलरी पडली त्याच आठवड्यात त्याने शस्त्रक्रियेचा दिवा दिला होता. सगळा कसा स्वच्छ व्यवहार! पण ज्याला आज काहीच नको, तो उद्या काय मागेल याचा काय भरवसा?

प्रकरण अधीक्षकांकडे गेले. "विनाकारण?" अधीक्षक दचकून उभे राहिले. "आधी खुर्ची तपासून घ्या."

खुर्ची दुसऱ्या मजल्यावरच्या एक्स-रे विभागात नेण्यात आली. तिथे मुलाच्या पाठीवरून नुकत्याच वर पोचलेल्या आजींचा नंबर लागला होता. तो पुढे ढकलण्यात आला आणि मुलाने त्यांना तसेच पाठीवर घेऊन खाली आणले. तासाभराने अहवाल आला: 'फ्रॅक्चर नाही.' त्यामुळे संशय आणखी बळावला. चालकाच्या मनात काय आहे हे पाहायला मानसोपचारतज्ज्ञांना बोलावले. ते चालकाशी वीस मिनिटे बोलले आणि रजेवर गेले.

तेवढ्यात आजींचा पुकारा झाला. मुलगा पुन्हा वाकला, पण या वेळी त्याला उठताच येईना. कारकुनाने चालकाला बाजूला घेतले.

"काका, ऐका माझं. पश्चात्तापावर खूण करा, आत्ता सुटेल खुर्ची."

"कशाचा पश्चात्ताप?"

"आठवा की काहीतरी. चाळीस वर्षं बस चालवलीत म्हणता."

चालकाने भिंतीला टेकलेल्या मुलाकडे पाहिले. "बरं, लिहा. थांब्यावर एक बाई हात करत होती. बघूनही मी बस थांबवली नाही."

खोलीतले वातावरण एकदम मोकळे झाले. अधीक्षकांनी चालकाचा हात हातात घेतला. "अहो, मग हे आधी नाही का सांगायचं! उगीच तुम्हाला सज्जन समजून घाबरलो आम्ही." चहा मागवण्यात आला.

खुर्ची बाहेर आली. चालकाने आणि मुलाने आजींना अलगद बसवले.

"फुकट कशाला देतोस रे बाबा?" आजींनी डोळे बारीक केले. कारकुनाने त्यांना थांब्याची हकिगत सांगितली.

"कुठला थांबा? शाळेपाशीचा?"

चालकाने वाकून आजींचा पाय पायटीवर नीट ठेवला. "हो आजी. शाळेपाशीचाच."

"तरीच! तूच होय तो मेला! घरापर्यंत तंगडतोड करावी लागली होती मला." आजी ऐटीत मागे टेकल्या. "चल रे, ढकल. आता कुणाचे उपकार नाहीत."

चालक फाटकाकडे निघाला. कारकून धावत मागे गेला. "काका, ते थांब्याचं खरं होतं का हो?"

"तुला काय वाटतं?" असे म्हणून तो हसत गेला.

कारकुनाला वाटते, खरेच असणार. आणि तुम्हाला? खरे सांगा, ती थांब्यावरची बाई गोष्टीत आली, तेव्हा तुमचाही जीव जरा भांड्यात पडलाच ना?