सुगंधाबाईंची तारीख

कोर्टाची तारीख असली की माणसं तोंड पाडून येतात. सुगंधाबाई थेटे ठेवणीतलं लुगडं नेसून यायच्या. कोर्टाचं दार उघडायच्या आधी त्या पायरीवर हजर असत आणि दार उघडलं की थेट व्हरांड्यातल्या बाकाच्या टोकाला जाऊन बसत. ती जागा त्यांची. एखादा नवखा वकील चुकून तिथं बसला, तर त्या त्याला ऊठ म्हणत नसत. नुसत्या समोर उभ्या राहत आणि त्याच्याकडे बघत. थोड्या वेळानं वकील आपणहून उठायचा आणि वर "बसा, बसा" म्हणायचा.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी नाशिकच्या कोर्टात वाहतुकीच्या दंडाच्या खिडकीत कारकून होते. तेव्हा रस्त्यावर पोलिसानं पकडलं की तो लायसन काढून घ्यायचा आणि तारखेचा कागद हातात द्यायचा. त्या तारखेला मॅजिस्ट्रेटसमोर उभं राहायचं, गुन्हा कबूल म्हणायचं, साहेब सांगतील तो दंड माझ्या खिडकीत भरायचा आणि लायसन घेऊन घरी जायचं. काम एवढंसंच, पण भल्याभल्यांना घाम फुटायचा.

मी नवी असताना मला वाटलं, या बाईंवर बरेच खटले असणार. पुकारा करणाऱ्या शिपायाला, भामरेभाऊंना, मी विचारलं. ते म्हणाले, "आरोपी नाही हो त्या. पाहुण्या आहेत."

पण पाहुण्यासारख्या त्या गप्प बसत नसत. तारखेला आलेला माणूस व्हरांड्यात घुटमळताना दिसला की त्या त्याला हाक मारून बोलवत आणि त्याची तयारी करून घेत. "गॉगल काढ. हात खिशातून काढ. तोंडातलं पान थुकून ये, भिंतीवर नको, भायेर. साहेबानं इचारलं की एवढंच म्हणायचं, गुन्हा कबूल. म्हातारी आजारी होती, पेट्रोल संपलं होतं, असलं काय सांगत बसायचं नाय. आन् भ्यायचं नाय. हितं कोणी खात नाय."

हे शेवटचं वाक्य त्या प्रत्येकाला सांगत. साध्या रिक्षावाल्याला सांगत, तसं टाय लावून आलेल्या इंजिनियरलाही. तो इंजिनियर चिडून म्हणाला, "मी भीत नाही." सुगंधाबाई म्हणाल्या, "मंग पाय का हालतो तुमचा?" इंजिनियरनं पाय थांबवला.

त्यांच्या शिकवणीनं सगळं सुरळीत व्हायचं असं मात्र नाही. एकदा पेठकडचा एक जीपवाला आला. ज्यादा माणसं बसवली म्हणून त्याला पकडलं होतं. सोबत ती ज्यादा माणसंही आली होती, बिचारी, आपल्यामुळे याला त्रास झाला म्हणून. सुगंधाबाईंनी सगळ्यांना ओळीनं बसवून धडा दिला. पुकारा झाल्यावर ती सगळीच आत शिरली आणि साहेबांनी विचारायच्या आत एका सुरात म्हणाली, "गुन्हा कबूल." साहेबांनी चष्मा काढून पुसला.

दुसऱ्या एकाला तर त्यांनी चुकीच्या दालनात पाठवलं. बिनदिव्याची स्कूटर चालवणारा साधा गृहस्थ. आत फसवणुकीचा मोठा खटला चालू होता, वर्षानुवर्षांचा. हा सरळ पुढं गेला, हात जोडले आणि खणखणीत आवाजात गुन्हा कबूल करून मोकळा झाला. खरा आरोपी त्याच्याकडे आशेनं बघत राहिला म्हणे. भामरेभाऊंनी धावत जाऊन त्याला बाहेर काढला. मी सुगंधाबाईंना रागावले. त्या म्हणाल्या, "चुकलं खरं. पण बोलला कसा, ऐकलं का? अजिबात अडखळला नाय."

त्यांची म्हसरूळच्या पुढं, दिंडोरी रस्त्याला थोडी जमीन होती. झेंडू आणि पालेभाजी काढायच्या आणि पंचवटीत विकायच्या. तारखेला येताना मेथीची एक जुडी माझ्या खिडकीत ठेवायच्या. मी म्हणायचे, "सुगंधाबाई, असं घेता येत नाही आम्हाला." त्या म्हणायच्या, "लाच नाय ताई, भाजी हाय." मी परत द्यायचे, त्या भामरेभाऊंना द्यायच्या. भामरेभाऊंना असला प्रश्न पडत नसे.

दुपारच्या सुमाराला कधीतरी भामरेभाऊ दारात येत आणि आवाज लावत, "रंगनाथ निवृत्ती थेटे, हाजिर हो!"

एरवी अखंड बोलणाऱ्या सुगंधाबाई त्या क्षणी गप्प होत. उठून पदर सारखा करत आणि जिन्याकडे बघत. भामरेभाऊ पुन्हा एकदा नाव घेत. जिन्यावरून कोणी ना कोणी वर येतच असे, पण तो वेगळा माणूस असे. मग त्या आत जात, साहेबांना सांगत, "आले नाय साहेब." साहेब पुढची तारीख देत आणि त्या पंचवटीच्या रस्त्याला लागत.

मी एकदा विचारलं, "कोण तुमचे?"

"मालक," त्या म्हणाल्या. "यायचे हायेत."

त्यापुढचं मला बरेच दिवस कळलं नाही. एक दिवस कोणी ज्येष्ठ वकील वारले म्हणून कोर्टाचं काम लवकर थांबलं. व्हरांडा रिकामा झाला. बाहेर ऊन रणरणत होतं. मी डबा खायला त्यांच्या शेजारी बाकावर बसले. त्यांनी आपली भाकरी माझ्यापुढं सरकवली आणि मी काही विचारलं नसताना सांगू लागल्या.

रंगनाथ दुसऱ्याचा टेम्पो चालवायचा. दिंडोरीकडून भाजीपाला घेऊन पंचवटीत यायचा. स्वभावानं गरीब, आवाज चढवणं ठाऊक नाही. एकदा शेतमजूर बायांनी हात दाखवला म्हणून त्यानं त्यांना मागं क्रेटवर बसवलं आणि नाक्यावर हवालदारानं धरलं. सुगंधाबाई पुढं, त्याच्याच शेजारी बसलेल्या होत्या.

"ते म्हणत होते, हितंच हवालदाराला कायतरी देऊन मोकळं होऊ. मीच आडवी आले. म्हणले, असं कामून? रीतसर कोर्टात भरू. हवालदाराला म्हणले, द्या तारीख. लय मोठेपणा वाटला मला ताई, बायांसमोर असं बोलले म्हणून."

तारखेच्या दिवशी रंगनाथनं सकाळी अंघोळ केली आणि भाकरी तशीच ठेवली. स्वच्छ सदरा घातला. दारात जाऊन परत आला.

"मी मेथीच्या जुड्या बांधत होते. मला इचारलं, तिथं काय बोलायचं असतं गं? मी हसले. म्हणले, काय बोलायचं म्हंजे, तोंड नाय का तुमाला? ते बी हसले मंग. आन् गेले."

रंगनाथ कोर्टात पोचलाच नाही आणि घरीही परतला नाही. सुगंधाबाईंनी दवाखाने पाहिले, पोलिसांत कळवलं, गोदाकाठचे घाट पाहिले. कोणी म्हणालं सुरतेच्या गाडीत चढताना दिसला. कोणी म्हणालं द्राक्षबागांवर मजुरी करतोय. सुगंधाबाई तिथं तिथं जाऊन आल्या. तो कुठंच नव्हता. देवळ्याला त्याची थोरली बहीण, आक्का, दिलेली. त्या तिच्याकडेही गेल्या. आक्कानं दारातच विचारलं, "तूच धाडलंस ना त्याला?" आणि दार लावून घेतलं. तेव्हापासून दोघींचं बोलणं नव्हतं.

"घरात कोणी त्यांचं नाव काढत नाय आता," त्या म्हणाल्या. "सासू होती तवर रडायची, ती बी गेली. हितं भामरेभाऊ नाव घेतात. म्हणून येते. आन् वाटतं, कधीतरी येतील तर वळखीचं माणूस पायजे का नाय? कोणीतरी सांगाय पायजे, की भ्यायचं नाय."

त्यांनी भाकरीचं फडकं झटकलं, त्याची घडी केली. त्या व्हरांड्यात किती जणांना त्यांनी उभं राहायला शिकवलं होतं. मी डब्याचं झाकण लावलं.

अशीच वर्षं गेली. मॅजिस्ट्रेट बदलले, रस्त्यांवर सिग्नल वाढले, सुगंधाबाईंच्या केसांत पांढरं दिसू लागलं. दोन हजार सालानंतर वरून आदेश आला की जुने किरकोळ खटले निकाली काढा. वाहतुकीचे वर्षानुवर्षं पडून राहिलेले खटले माझ्या टेबलावर आले. त्यात रंगनाथचा होता. मला बरं वाटलं. त्या आल्या तेव्हा मीच पुढं जाऊन म्हटलं, "सुगंधाबाई, आज तुमची केस बंद होणार. आता हेलपाटे नकोत."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी बोलायची थांबले.

"बंद म्हंजे? पुकारा होणार नाय?"

"नाही."

त्या ताडकन उठल्या. भामरेभाऊंनी नाव घ्यायची वाट न बघता आत गेल्या. मी मागोमाग गेले. नवे मॅजिस्ट्रेट तरुण होते, भराभर सह्या करत होते. सुगंधाबाई पुढं जाऊन हात जोडून उभ्या राहिल्या.

"साहेब, केस बंद करू नका."

साहेबांनी वर पाहिलं. "कोण तुम्ही?"

"रंगनाथ थेट्यांची बाई."

साहेबांनी कागद काढून घेतले, वाचले. "बाई, हे तुमच्या भल्याचंच आहे. तुमच्यावर काही नाही, त्यांच्यावरही राहणार नाही. सुटलात तुम्ही."

"मला सुटायचं नाय साहेब. ते येतील. त्यांना एकदा हितं उभं राहू द्या. कबूल म्हणू द्या. मंग बंद करा."

मागं कोणीतरी हसलं. भामरेभाऊंनी वळून पाहिलं तसं हसू थांबलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"किती वर्षं झाली त्यांना जाऊन?"

सुगंधाबाई डोळे टेबलाच्या कडेवर ठेवून उभ्या राहिल्या. मी हळूच म्हटलं, "बरीच झाली, सर."

"बाई," साहेब म्हणाले, "या खटल्यात त्यांच्या नावाचं पकड वॉरंट आहे. केस उघडी राहिली तर ते जिथं दिसतील तिथं पोलीस त्यांना धरू शकतात. हे चालेल तुम्हाला?"

सुगंधाबाईंचे जोडलेले हात खाली आले. एवढ्या वर्षांत हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मलाही सांगायचं सुचलं नव्हतं.

"म्हंजे ते मुद्दाम येत नसतील? धरतील म्हणून?"

"ते मला माहीत नाही. पण आज मी हे रद्द केलं तर त्यांना कोणी हात लावणार नाही. तुम्हीच सांगा, काय करू?"

सुगंधाबाईंनी पदरानं तोंड पुसलं.

"करा रद्द," त्या म्हणाल्या.

साहेबांनी सही केली. बाहेर आल्यावर त्या बाकावर बसल्या नाहीत. भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हे कोणाला तरी सांगाय पायजे, ताई." थोडं थांबून म्हणाल्या, "आक्काला सांगाय पायजे. तिच्याकडं आले कधी तर तिला ठावं पायजे. तुमी येता का माझ्यासंग? मी एकटी गेले तर ती दार लावून घेईल."

पुढच्या रविवारी आम्ही एस.टी.नं देवळ्याला गेलो. वाटेत कंडक्टरनं तिकीट विचारलं तेव्हाही मीच बोलले. गावाबाहेर कांद्याच्या चाळीशेजारी आक्काचं घर होतं. आक्का अंगणात कांदा निवडत बसल्या होत्या. इतक्या वर्षांत त्यांची बोलीही सासरची होऊन गेली होती. आम्हाला पाहून त्या उठल्या नाहीत, दाराकडेही गेल्या नाहीत. निवडता निवडता नुसत्या थांबल्या.

"आक्का," सुगंधाबाई लांबूनच म्हणाल्या, "केस मिटली."

"सापडना का तो?" तो सापडला का, असं आक्का विचारत होत्या.

"नाय. पण आता त्यांना कोणी धरणार नाय. कधी आले तर सांगा तेवढं."

आक्कांनी हातातला कांदा टोपलीत टाकला नाही. बोटांनी त्याची साल काढत राहिल्या. मग त्या माझ्याकडे बघून बोलू लागल्या, जसं काही सुगंधाबाई तिथं नव्हत्याच.

"धाकला व्हता तवय रस्तावर खाकी कपडा दिसना तरी मना मांगे दडे. सासरले आनू त्या दिवशी बी मना पदर धरीसन रडना. लगीन ठरनं तवय मी म्हनीसन ठेयेल व्हतं, हाई नवरीले सांगू, येले जपजो. मंग राहीच गयं." लहानपणी नुसती खाकी दिसली तरी रंगनाथ त्यांच्यामागं लपायचा, आणि याला जप, असं नवरीला सांगायचं त्यांच्याकडून राहूनच गेलं होतं. आता त्या सुगंधाबाईंकडे वळल्या. "मीच सांगाले पायजे व्हतं तुले."

उन्हात सुगंधाबाईंचा चेहरा लाल झाला होता. आक्का गुडघ्यावर हात देऊन उठल्या.

"उनमा काब्र उभी शेस? मझार ये."

दोघी आत गेल्या. मी अंगणात टोपलीशेजारी बसून राहिले. आतून भांड्याचा आवाज आला, पाणी ओतल्याचा आवाज आला. मग एकीचा हुंदका फुटला. कोणाचा, ते मला बाहेरून कळलं नाही.