पगारेंचा खिळा

पगारेंच्या सदऱ्याच्या खिशात एक वेळ पेन नसायचं, पण खिळा असायचाच. बोटभर लांब, जाड डोक्याचा, वापरून वापरून गुळगुळीत झालेला. चष्मा विसरून यायचे, डबा विसरून जायचे, एकदा तर पायात दोन वेगवेगळ्या चपला घालून आले होते. खिळा मात्र कधी विसरले नाहीत.

त्या काळी नाशिकच्या मोठ्या पोस्टात मी रजिस्ट्रीच्या खिडकीवर होतो आणि पगारे होते लीव्ह रिझर्व्हमध्ये. म्हणजे जिल्ह्यात कुठल्याही गावी पोस्टातला माणूस रजेवर गेला, आजारी पडला, की त्याच्या खुर्चीवर बसायला यांना धाडायचं. सकाळी साहेबांचा हुकूम, दुपारी एस.टी. आज नांदगाव, पुढच्या आठवड्यात सटाणा, तिथून परस्पर निफाड. त्यामुळे नाशकात त्यांना स्वतःचं असं टेबलच नव्हतं. एक वळकटी होती, ती कायम बांधलेली, आणि ती ठेवायची जागा म्हणजे माझ्या खिडकीखाली, बरोबर माझ्या पायाशी. नोकरीतली कितीतरी वर्षं मी पाय आखडून काढली ती या वळकटीपायी.

बदलीच्या गावी पोचले की पगारे पहिलं काम काय करत, तर भिंतीत आपला खिळा ठोकत. हातोडी नसायची. पार्सलच्या काट्याचं वजन घ्यायचं आणि ठोकायचं. त्यावर सदरा, टोपी, पिशवी. मुक्काम संपला की पकडीनं खिळा उपटायचा, भोकात चिमूटभर ओली माती भरायची आणि खिळा पुन्हा खिशात. एका तपासणीला आलेल्या साहेबानं त्यांना वजनानं खिळा ठोकताना रंगेहाथ पकडलं आणि विचारलं, "अहो, भिंतीत आधीच एक खिळा आहे ना?"

"तो त्यांचा आहे साहेब," पगारे म्हणाले. "ते रजेवर गेलेत, मेले नाहीत."

साहेबांनी तपासणीची वही मिटली.

पगारेंचं तत्त्वज्ञान खरंच तसं होतं. रजेवरचा माणूस परत आला की त्याला आपली जागा जशीच्या तशी मिळाली पाहिजे. शाईची दौत उजवीकडे असली तर उजवीकडेच. खुर्चीवर फाटकी उशी असली तर पगारे ती काढून ठेवत, बिनउशीची खुर्ची सोसत आणि निघताना उशी पुन्हा होती तशी मांडत.

रजेचं कारण मात्र त्यांना खरं सांगावं लागे. "सायबाला पोटदुखी सांगा, नायतर काहीबी सांगा," ते म्हणत, "मला खरं सांगा. तिथं बसून मला तुमची काळजी करायची असते." आणि ते खरोखर करत. कुणी बायकोच्या बाळंतपणासाठी रजेवर गेला, तर तो परतल्यावर आधी विचारणार, "नाव काय ठेवलं?" जिल्ह्यातल्या निम्म्या टपाल खात्याच्या पोरांची नावं त्यांना पाठ. स्वतः एकाही बारशाला गेले नव्हते, कारण बारसं चालू असताना हे बाळाच्या बापाच्या खुर्चीवर.

कुणी रजेचा विषय काढायला घाबरत असला की त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. मान थोडी वाकडी करून म्हणत, "जा की बिनधास्त. आपण आहोत की!"

आणखी एक खोड म्हणजे जिथून येतील तिथली बोली घेऊन येत. सटाण्याहून आले की चार दिवस अहिराणी, म्हणजे 'आहे'च्या जागी 'शे', 'काय शे' आणि 'कुठे शे' चालायचं. आमच्या हेडक्लार्कना एकदा त्यांनी "साहेब कुठे शेत?" असं विचारलं, तर हेडक्लार्क बिचारे साहेबांच्या शेतीची चौकशी समजून अर्धा तास बोलत बसले.

माझं अगदी उलट. मी पक्का नाशिककर, म्हणजे गावातल्याच द्वारका चौकाच्या पलीकडे गेलो तरी मला परगावी आल्यासारखं होई. देवळाली कॅम्पला मेव्हणीकडे जेवायला गेलो तर मी रात्री झोपायला घरी येत असे. बाहेरगावचं पाणी मला बाधतं, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. बायको म्हणायची, "पाण्याला कशाला दोष देता?"

पगारेंची बायको फार लवकर गेली. मुलगी सुमन तेव्हा लहान होती. बाप असा गावोगाव, तेव्हा तिला मनमाडला मावशीकडे ठेवली. मावशीचे यजमान रेल्वेत, घर भरलेलं. पोरगी तिथं छान वाढली, शिकली. पगारे सवड मिळेल तेव्हा जाऊन येत. एकदा चहा पिता पिता मला म्हणाले, "वैद्य, मी गेलो की ती तांब्या-भांडं आणून देते. पाय धुवायला पाणी देते. काका घरी आला तर त्याला नाय देत. तो आपला हातानं घेतो." मग बराच वेळ बशीतला चहा फुंकत बसले. तो केव्हाच गार झाला होता.

त्याच सुमनचं लग्न ठरलं. पगारेंनी आयुष्यात प्रथमच रजेचा अर्ज दिला. ऑफिसात हशा पिकला. लीव्ह रिझर्व्हवालाच लीव्हवर गेला तर त्याच्या जागी पाठवायचं कुणाला? पण साहेब भले होते, त्यांनी मंजूर केला. पगारेंचं एकच म्हणणं होतं, "या खेपेला पाहुण्यांच्या आधी पोचायचं. मांडव घालायला मी पाहिजे. पाहुणे यायला लागल्यावर मी दारात उभा पाहिजे, या बसा म्हणायला." हे ते इतक्या जणांना इतक्या वेळा सांगत की टपाल टाकायला येणारी गिऱ्हाइकंही विचारू लागली, "मास्तर, मांडव कधी?"

बौद्ध लग्नात नवरी नेसते ती पांढरी साडी त्यांनी सुमनसाठी घेऊन वळकटीत, मधोमध, ठेवली होती. संध्याकाळच्या गाडीनं ते मनमाडला निघणार होते.

त्या दिवशी सकाळी तार आली. पेठच्या पुढे डोंगरात आमचं एक छोटं पोस्ट होतं. तिथल्या पोस्टमास्तरांना रात्री अपेंडिक्सनं धरलं होतं, त्यांना जीपमध्ये घालून नेलं होतं. दुसऱ्या दिवशी तिथला आठवडे बाजार. आसपासच्या पाड्यांवरची माणसं पोस्टाचं काम त्याच दिवशी करायला उतरायची, म्हणजे पोस्ट बंद ठेवणं शक्य नव्हतं. साहेब तार हातात घेऊन बाहेर आले. त्यांनी कुणाचंच नाव घेतलं नाही. पण सगळ्यांच्या माना सवयीनं पगारेंकडे वळल्या.

आणि पगारेही सवयीनं उठले. माझ्या पायाशी वाकले, वळकटी ओढली, दोर सोडला. आतून साडीचा पुडा काढला आणि माझ्यासमोर ठेवला.

"मनमाडला जाणारं कुणी असलं तर एवढी पोचती करा," म्हणाले. "मावशीला म्हणावं, मांडव घालून घ्या. मी लग्नाच्या टायमाला येतोच." आवाज नेहमीचाच होता. दोर मात्र त्यांना पुन्हा बांधता येईना.

मला ते बघवेना. त्या क्षणी माझ्या तोंडून जे गेलं ते कोण बोललं, हे मला अजून उमगलेलं नाही. मी म्हणालो, "ठेवा ती वळकटी. आपण आहोत की."

साहेबांनी मला दोनदा विचारलं, "वैद्य, तुम्ही?" पगारेंनी खिशातून खिळा काढून माझ्या हातावर ठेवला, साडीचा पुडा काखोटीला मारला आणि जे बाहेर पडले ते दिसेनासेच झाले. मला वाटलं, हा गृहस्थ संध्याकाळच्या गाडीसाठी सकाळीच पळाला.

घरी जाऊन पिशवी भरली. बायकोनं पाण्याच्या दोन बाटल्या दिल्या आणि हसू दाबलं. एस.टी. घाटात वळणं घेऊ लागली तेव्हा मला आपल्या शौर्याचा पश्चात्ताप झाला. गावात उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. स्टँड म्हणजे एक झाड. ओळखीचं कुणी नाही, पोस्ट कुठे ठाऊक नाही. इतक्यात एक माणूस कंदील घेऊन पुढे आला.

"नाशिकचं वैद्यभाऊ का?"

मी चपापलो.

"दुपारच्या गाडीच्या कंडक्टरकडं पगारेभाऊनी सांगावा धाडलाय. म्हणं, वैद्यभाऊ पहिल्यांदाच भाईर पडत्यात, ष्ट्यांडवर हुभं ऱ्हा. त्यांना पाणी उकळून द्या, तिखट कमी घाला." तिथल्या पोस्टाच्या त्या शिपायानं माझी पिशवी घेतली. "घरात भाकरी टाकायला घेतल्यात. चला."

म्हणजे सकाळी पगारे पळाले होते ते एस.टी. स्टँडवर. लेकीच्या लग्नाच्या गडबडीत हा माणूस पेठच्या गाडीचा कंडक्टर शोधत फिरत होता, का, तर मला झाडाखाली एकट्याला उभं राहायला लागू नये.

चालता चालता मी सहज विचारलं, "पगारे येतात तेव्हाही तुम्हीच जाता का घ्यायला?"

"नाय बा," तो म्हणाला. "ते कवा सांगत्यात? ते आपलं येत्यात, खिळा ठोकत्यात आन् कामाला लागत्यात."

मी तिथं खिळा ठोकला, पण निघताना उपटायचा विसरलो. परतल्यावर भीत भीत पगारेंना सांगितलं. लग्न लागून ते आधीच आले होते, माझ्यासाठी लाडू घेऊन. मांडवाचा पहिला खांब त्यांनीच धरला होता. आणि सुमननं, हे सांगताना ते फार खुलले होते, पाहुण्यांच्या घोळक्यातून हाक मारली होती, "बाबा, नुसते उभे काय, पाणी वाढा ना!" खिळ्याबद्दल क्षणभर विचार करून म्हणाले, "राहू द्या. तिथं आता तुमचा खिळा झाला." दुसऱ्या दिवशी ते नवीन खिळा घेऊन आले.

पुढच्याच आठवड्यात त्यांना नांदगावला धाडलं. ते परतायचे त्या संध्याकाळी मी ऑफिसातून घरी न जाता स्टँडवर गेलो. नांदगावची गाडी आली. वळकटी खांद्यावर घेऊन, मान खाली घालून पगारे उतरले आणि मला बघून थांबले.

"अरे, वैद्य? कोण यायचंय?"

आणि मी काही बोलायच्या आत ते वळले, मी ज्याला घ्यायला आलो तो माणूस उतरतोय का हे गाडीच्या दारातून आत वाकून पाहू लागले.