हेमचंद्रपंतांच्या दारातला घोळ

वाचकहो, गिरगावातून म्युनिसिपालिटीत कोणी जावं, हे कळणारा एकच माणूस गिरगावात आहे. तो म्हणजे मी! हसू नका. ठाकूरद्वाराजवळच्या वाडीत माझं उभं आयुष्य गेलंय. कोणाचं मत कुठे वळेल, हे मी त्याच्या पगडीच्या कलण्यावरून सांगतो!

तर त्या साली निवडणूक लागली. आमचे जुने मेंबर तुळशीदासशेठ, लाकडाचे व्यापारी. दर निवडणुकीत वाडीत यायचे, तुंबलेलं गटार बघून हळहळायचे आणि घोडागाडीत बसून परत जायचे. गटार मात्र बिचारं वाडी सोडून कुठे गेलं नाही!

मी ठरवलं, यंदा शेठना पाडायचंच. माणूसही हेरला. हेमचंद्रपंत वकील! विद्वान, सज्जन, आणि खोटं बोलता येत नसल्यामुळे वकिलीत जरा मागेच पडलेले.

"तात्या, मला राजकारण जमेल का हो?" पंत म्हणाले.

"तुम्ही फक्त उभे राहा. बाकीचं माझ्यावर सोडा!"

हे ऐकून आमचं कुटुंब, काशीबाई, स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, धाकट्या नणंदेचं लग्नही आपल्यावरच सोडलं होतं. मुहूर्तावर नवरदेव ठाण्याला आणि वऱ्हाड वसईला! अख्खं गिरगाव अजून हसतंय!"

मी दुर्लक्ष केलं. बायकांना राजकारण कळत नाही.

माझा हिशेब पक्का होता. वाडीतली सोवळी मंडळी पंतांनाच मत देणार. उरली चौपाटीजवळची कोळ्यांची वस्ती. तिथले घरपट्टी भरणारे, म्हणजे मतदार, सगळे हरेश्वर पाटलाच्या शब्दात, आणि हरेश्वर त्याच्या बायकोच्या, पुतळाबाईच्या शब्दात. एक पुतळाबाई जिंकली की वॉर्ड जिंकला!

पंतांना घेऊन मी तिच्या अंगणात गेलो. बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत होते. पंतांनी दोन पावलं टाकली आणि अत्तराचा रुमाल नाकाला असा दाबला, जसा बाटलीला बूच!

पुतळाबाईच्या भुवया वर गेल्या. "काय वो, वकीलसायबांना वास सोसत नाय का?"

झालं, वॉर्ड हातचा चालला! पण राजकारणात प्रसंगावधान लागतं!

"छे छे, बाय! वासानं तोंडाला पाणी सुटलंय त्यांच्या. लोकांत दिसू नये म्हणून रुमाल!"

पंतांनी माझ्याकडे डोळे फाडून पाहिलं. पण रुमालाआडून बोलणार काय? पुतळाबाई मात्र खुलली. "आगो बाय! बामण असून? मंग असा मानूस म्युनशिपालिटीत पायजेच!"

परत येताना मी हवेत होतो. पंत म्हणाले, "तात्या, हे खोटं झालं." मी म्हटलं, "पंत, हे राजकारण झालं!"

दुसऱ्या दिवशी पंतांच्या वडिलांचं श्राद्ध होतं. मीही जेवायला होतो. भटजी पाटावर बसलेले, पानं वाढलेली, पंतांच्या मातोश्री रमाबाई सोवळ्यात लगबग करताहेत. इतक्यात बाहेरून ढोल ऐकू आला. ढोल! श्राद्धाला!

दारात पुतळाबाई, मागे कोळणींचा घोळका, आणि चौघींच्या हातांत फळीवर एक मासा. मासा कसला, होडीच म्हणा! आजच जाळ्यात सापडलेला, माणसाच्या उंचीचा घोळ!

"वकीलसायेब!" पुतळाबाई गरजली. "तुमच्या तोंडचं पानी पुसायला घोळ आनलाय!"

रमाबाई "अगं आई गं!" म्हणून भिंतीला टेकल्या त्या टेकल्याच. भटजी पाटावरून असे उडाले, की त्या वयात ते शक्य असेल असं मला वाटलं नव्हतं! एकाचा पाय खिरीत, दुसऱ्याचा पहिल्याच्या उपरण्यात. आणि मी? घास हातात, तोंड उघडं, शेजारी ठेवलं असतं तर घोळ कोणता नि मी कोणता ओळखू आलं नसतं!

पंत पुढे झाले. हात जोडले. "बाई, तुमचा लोभ मोठा आहे. पण मी जन्मात मासा खाल्लेला नाही. कालचा रुमाल वासासाठीच होता. क्षमा करा."

पुतळाबाईनं सावकाश मान माझ्याकडे वळवली.

"मंग काल तोंडाला पानी कुनाच्या सुटलं होतं?"

मी पानातल्या कोशिंबिरीकडे पाहत राहिलो. इतक्या लक्षपूर्वक कोशिंबीर मी कधी पाहिली नव्हती! कोळणी मासा उचलून निघून गेल्या. ढोलसुद्धा वाजला नाही.

दिवेलागणीपर्यंत बातमी पार मुगभाट गल्लीपर्यंत पोचली. हेमचंद्रपंत श्राद्धाला घोळ मासा मागवतात! म्हणजे सोवळी मतं गेली. मासा परत पाठवला, म्हणजे कोळ्यांची मतं गेली. असा दुहेरी पराक्रम गिरगावात पूर्वी कोणी केला नसेल!

मग मी देवळात जाऊन, पंतांना वाचवण्यासाठी, छाती पुढे काढून सांगितलं, "मंडळी, पंत निर्दोष आहेत! मासा माझ्यासाठी आला होता!"

भटजी म्हणाले, "म्हणजे दुसऱ्याच्या बापाच्या श्राद्धाला तुम्ही आपल्यासाठी मासा मागवलात?"

त्या दिवसापासून काशीबाईनं माझं पान ओसरीवर मांडलं. वाढायची तीही लांबून, फेकल्यासारखं.

मतदानाचा दिवस उजाडला. ऊन रणरणत होतं. दारात तुळशीदासशेठची घोडागाडी उभी राहिली, आत स्वतः शेठ. "या तात्या, एवढ्या उन्हात चालू नका. अहो, आमचे विरोधक झालात म्हणून काय झालं?" गाडीत गादी होती. वाळ्याचं सरबत होतं. शेठ गटाराबद्दल इतकं कळवळून बोलले, की मला गटाराचीच दया आली. मी विचार केला, पंत तर पडणारच. मग एक चांगलं मत वाया का घालवा? कारकुनापुढे मी शेठच्या नावापुढे सही केली.

निकाल लागला. शेठ दणक्यात निवडून आले. पंतांना एक मत. एक!

पंत धावत माझ्याकडे आले. डोळ्यांत पाणी. ओसरीवरच मला मिठी मारली. "तात्या! सगळं जग उलटलं, पण तुम्ही नाही!"

"अहो पण... ते मत तुमचं स्वतःचं असेल की!"

"छे! स्वतःलाच मत द्यायचं? मला लाज वाटली. मी शेठना दिलं. ते एक मत तुमचंच!"

आतून काशीबाई हे ऐकत होती. त्या दिवशी माझं पान ओसरीवरून पुन्हा आत आलं, वर तुपाची धार! पण मी भात कालवता कालवता एकच हिशेब करत होतो. माझं नाही, पंतांचं नाही, मग मत दिलं कोणी?

संध्याकाळी चौपाटीवर गेलो. हरेश्वर पाटील जाळं विणत बसला होता. मी सहज विषय काढला.

"त्ये मत माझं," तो मान वर न करता म्हणाला.

मी त्याच्या शेजारी वाळूवर बसलो. "तुझं? आणि पुतळाबाई?"

"तिनंच सांगितलं. बाकी समदी वस्ती रागावली, ऐकंना. पन ती म्हनली, भरल्या दारात तोंडावर खरं बोलनारा ह्यो एकच मानूस बघितला. मत त्यालाच." त्यानं गाठ ओढली. "तात्या, फुडच्या खेपेला वकिलांना परत उभं करा. वस्तीला मी समजावतो. आमी निवडून आनू."

माझी छाती पुन्हा फुगली. "उत्तम! मग बाकीचं सगळं माझ्यावर..."

"तेवडंच सांगायचं होतं," हरेश्वर म्हणाला. "तुमी तवा वसईला जा."