समाधानी असल्यास एक दाबा

तक्रार करणाऱ्या माणसापेक्षा तक्रारीची सोय अधिक टिकाऊ असावी, हे प्रगत संस्थेचं पहिलं लक्षण आहे. फुलचूरच्या बाघकाठ गोदाम मंडळानं ही पायरी गेल्या वर्षी गाठली.

पूर्वी मंडळातला एखादा संगणक बंद पडला की लोक संगणक विभागात जाऊन ओरडत. ही पद्धत मागासलेली होती. तिच्यात काम होऊन जाई. आता क्लाऊडवरचं स्वयंसेवा पोर्टल आलं. कर्मचाऱ्यानं अडचण स्वतः नोंदवायची, उपाय स्वतः वाचायचा आणि ती सुटल्याचंही स्वतःच कळवायचं. (विभागावरचा ताण यामुळे इतका कमी झाला, की तो मोजायला दोन माणसं वाढवावी लागली.)

असं पोर्टल चाचणीशिवाय सुरू करणं बेजबाबदारपणाचं ठरलं असतं. म्हणून गुंजन रहांगडाले या मुलीला चाचणीसाठी कंत्राटावर नेमलं. पहिली चाचणी जिवंत कर्मचाऱ्यांवर झाली आणि फसली. बिरसी गोदामाच्या खुशालनं अडचणीच्या रकान्यात लिहिलं, "वजनकाट्याचा कॉम्प्युटर बंद हाय. ट्रक उभे हायेत. तुम्ही येता का मी येऊ?" पोर्टलला हे कोणत्याच प्रकारात बसवता आलं नाही. अहवालात नोंद झाली : दोष वापरकर्त्यात. बाकीचेही त्याच माळेचे मणी. कोणी पासवर्ड विसरे, कोणी रजेवर जाई, आणि एकानं तर 'अडचण सुटली का?' या प्रश्नाला 'नाही' असं उत्तर दिलं. (त्याला प्रशिक्षणाला पाठवण्यात आलं.)

तेव्हा विभागप्रमुख चंद्रकुमार साहेबांनी आदर्श वापरकर्त्याची व्याख्या केली. तो रजा न घेणारा, न वैतागणारा आणि उलट प्रश्न न करणारा असावा. यादी चाळल्यावर असा एकच निघाला : मुन्नालाल रहांगडाले, बिरसीच्या वजनकाट्यावरचे काटाबाबू. ते उन्हाळ्यात वारले होते. खातं मात्र चालू होतं. ते गुंजनचे वडील होते, ही बाब चाचणीच्या दृष्टीनं गौण होती.

मग गुंजन रोज सकाळी बाबूजींच्या नावानं पोर्टलमध्ये शिरे आणि प्रिंटर चालत नसल्याचं नोंदवी. (बाबूजींनी हयातीत प्रिंटरला हात लावला नव्हता.) पोर्टल लगेच ती अडचण सोडवी आणि घरी टीव्हीजवळ ठेवलेल्या बाबूजींच्या फोनवर संदेश येई : 'मुन्नालालजी, आपली अडचण दूर झाली आहे. समाधानी असल्यास १ दाबा.' गुंजनची माय, शामकला, एक दाबी.

"कायले दाबतेस माय?"

"नाही दाबलं तं घंट्याघंट्याले येते. दाबलं का दिवसभर सुटका." मग तांदूळ निवडता निवडता, "अन् जी लिवते तो. एवढ्या वर्षांत त्या ऑफिसात कोणी जी म्हणलं नाही त्यायले."

चाचणीत समाधानाचं प्रमाण शंभर टक्के भरलं.

गुंजनचं मागणं एकच होतं : बाबूजींचं खातं बंद व्हावं. साहेब समजूतदार होते. "देख बेटा, ती रिक्वेस्ट युजरनंच टाकायची असते. सेल्फ-सर्विस है ना. मी मधात कसा पडू?"

तिनं बाबूजी होऊन विनंती टाकायला घेतली. कारणांत बदली होती, निवृत्ती होती, राजीनामा होता, विवाहही होता. मृत्यू नव्हता, कारण तशी मागणी आजवर कोणत्याही वापरकर्त्याकडून आली नव्हती. तिनं 'इतर' निवडलं. मग लिहिलं, 'मी वारलो आहे.' हे वाक्य तिनं तोवर कुठेच लिहिलं नव्हतं.

पोर्टलनं झालेल्या गैरसोयीबद्दल तात्काळ दिलगिरी व्यक्त केली आणि उपाय सुचवला : एकदा बंद करून पुन्हा सुरू करून पाहा. तिकडे घरी फोन वाजला. अडचण दूर झाली आहे, समाधानी असल्यास १ दाबा. मायनं सवयीनं दाबलं.

तक्रार निकाली निघाली. वापरकर्ता समाधानी.

"पुन्हा उघडत नाही ती," साहेब म्हणाले. "युजरनं स्वतः कन्फर्म केलं ना. वारलेला माणूस एक दाबते का?"

"मायनं दाबलं, साहेब."

"दुसऱ्याच्या फोनवरून? हे बाहेर नको बोलू, बेटा. कंत्राट तुझंच आहे."

संध्याकाळी तिनं मायला सगळं सांगितलं.

"म्हणजे त्यायच्या लेखी हायेत ते अजून?"

"हो."

मायनं फोन चार्जिंगला लावला. "मंग राहू दे. त्यायले कायले सांगतेस."

पोर्टल थाटात सुरू झालं. मृत्यूसारखी अडचणही वापरकर्त्याच्या पूर्ण समाधानासह सोडवणारं हे पहिलंच पोर्टल, असं मंडळ म्हणतं, आणि त्याच्याकडे पुरावा आहे. वाचकांना यात हसण्यासारखं काही दिसलं असेल, तर त्यांनी जरा आपला फोन काढावा. बँकेनं, गॅसवाल्यानं, दवाखान्यानं 'समाधानी आहात का' म्हणून विचारलं, तेव्हा आपण काय दाबून सुटका करून घेतली, ते पाहावं. आपण हयात असल्याचा त्यांच्याकडे तेवढाच पुरावा आहे.